आईच्या गाण्याची शेवटची ओळ

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा करणार नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठीमागे राक्षस वगैरे काही लागला नाही, माझी म्हातारी आई लागली, आणि तीही गाणं म्हणत.

सकाळचा स्वयंपाक अर्ध्यावर आला की ती गायला लागायची. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये ही वेळ मोठी वाईट. ऑफिसला जाणारे गेलेले असतात, शाळेतली मुलं परत आलेली नसतात, मिक्सर थांबलेले असतात, आणि तिसऱ्या मजल्यावर कुणी शिंकलं तरी पहिल्या मजल्यावर कळतं. आई गॅलरीत खुर्ची ओढून बसायची, गुडघ्यावर ताल धरायची आणि सुरू व्हायची. आवाज अजून खणखणीत होता. मी तव्यावरची पोळी तशीच टाकून धावायचे. आधी गॅलरीचं दार, मग हॉलची स्लायडिंग, मग बेडरूमची खिडकी. एकदा पोळी जळून घरभर धूर झाला तरी मी खिडकी उघडली नाही. दोघी खोकत बसलो. आई म्हणाली, चूल पेटवलीस का काय?

गाणं वाईट नव्हतं. फार चांगलं होतं, आणि तिनेच रचलेलं होतं. पण त्यात दुसऱ्याच ओळीला बाबा येत होते. आमच्या लोकांत नुसतं बाबा म्हटलं तरी कोणते ते विचारावं लागत नाही, आणि बाहेरच्यांनाही ओळखायला फार वेळ लागत नाही. निळा कोट, काखेत पुस्तक. आणि आमच्या सोसायटीत आम्ही कोण आहोत हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

‘आपण खोटं कधी बोललो नाही’ हे माझ्या नवऱ्याचं लाडकं वाक्य. खरं आहे ते. कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ लागणारं. तसलं आडनाव चार जातींत सापडतं. मी ज्या सरकारी ऑफिसातून निवृत्त झाले तिथे माझी जात सर्व्हिस बुकात पहिल्या पानावर होती, ती शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ होती. घरी आलं की ती नव्हती. हॉलमधल्या शोकेसमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, पण ती हल्ली सगळ्यांच्याच घरी असते, फेंगशुईच्या कासवाशेजारी. बाबांचा फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. सकाळी साडी काढताना नमस्कार होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं नवरा म्हणायचा. तो कंपनीत बारा तास असतो, मूठ झाकून ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

एवढं घाबरायला झालं काय होतं, असं कुणी विचारेल. आम्ही राहायला आलो त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुसऱ्या मजल्यावर एक भाडेकरू कुटुंब आलं. हसतमुख बाई, दोन मुली. मग कुणाला तरी त्यांच्या भिंतीवरचा फोटो दिसला. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट शब्द काढला नाही. फक्त संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं त्यांच्याकडे ‘चुकून राहिलं’. त्यांच्या मुली खाली खेळायला आल्या की बाकीच्या मुलींना वरून हाका यायच्या. धुणंभांडी करणाऱ्या बाईला वेळ जमेना. वर्ष संपायच्या आत ते सोडून गेले. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी गॅलरीत उभी होते आणि त्या बाईने वर बघून मला हात केला. तिला माझ्याबद्दल माहीत होतं का? आपलं माणूस आपल्याला ओळखतं. तो हात मी कधी विसरले नाही.

आई माझ्याकडे आली ती नाइलाजाने. तिचं सगळं आयुष्य कोपरीच्या चाळीत गेलं, ठाण्याला, पूर्वेच्या बाजूला. बाबा-बुद्धांना मानणारी सगळी घरं, मधे नळ, नळासमोर विहार. चाळ पुनर्विकासात गेली. बिल्डर भाडं देतो म्हणून भावाने आंबिवलीला खोली घेतली, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईचे गुडघे तिथे चढणारे नव्हते. भाऊ म्हणाला, टॉवर होईपर्यंत तुझ्याकडे ठेव. मी हो म्हटलं, आणि त्या क्षणी माझ्या मनात आईच्या गुडघ्यांच्या आधी तिचा आवाज आला.

तोवर ती बरंच विसरायला लागली होती. जेवली का ते विसरायची. माझा नवरा घरात आला की पदर सावरून ‘कोण पाहुणं?’ विचारायची. स्वतःचं नावही तिला सरळ सांगता येत नव्हतं. पण एक वाट तिच्याकडे शिल्लक होती. नाव विचारलं की ती आपलं गाणं पहिल्यापासून भरभर पुटपुटायची, शेवटच्या ओळीला पोचायची, आणि तिथे तिला तिचं नाव सापडायचं. पाढे घोकणाऱ्या पोराला सात नव्वे विचारलं की ते सात एके सातपासून सुरू करतं, तसं. नाव सापडलं की ती ते मोठ्याने सांगायची आणि खूष व्हायची.

हे कसं, ते सांगायला हवं. आमच्या चाळीतल्या बायकांची एक रीत होती. जयंती जवळ आली की रात्रीची भांडी घासून झाल्यावर नळापाशी सतरंजी पडायची आणि बायका गायच्या. जात्यावरच्या जुन्या चाली आणि शब्द नवे, स्वतःचे. ज्या बाईने गाणं रचलं तिने शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव गुंफायचं: माहेरचं गाव, मग कोपरीची चाळ, मग ती स्वतः. त्याला ‘नाव लावणं’ म्हणायचे. गाणं नंतर कुणीही म्हणावं, पण लावलेलं नाव बदलायचं नाही आणि सोडायचं तर मुळीच नाही. ती बाई मेली तरी नाही. नाव सोडून गाणं म्हणणारीला आई सरळ चोर म्हणायची. शाळेत न गेलेल्या बाया होत्या त्या. आपलं नाव कुठे ठेवावं हा प्रश्न त्यांनी असा सोडवला होता. हे मला तेव्हा नाही कळलं. मला ते पुढे एका मुलीने सांगितलं.

ती मुलगी म्हणजे चाळीतल्या आमच्या शेजाऱ्यांची नात. आता तिशी ओलांडलेली आहे, कल्याणच्या एका कॉलेजात लायब्ररी सांभाळते. चाळ पाडायची ठरल्यावर तिने आणि आणखी दोघातिघांनी चाळीच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. फोटो, लग्नपत्रिका, महिला मंडळाचा रंग उडालेला फलक, कॅसेटी, विहाराची घंटा. विहाराच्या तात्पुरत्या शेडमध्ये हे सगळं मांडायचं आणि कॉम्प्युटरवरही चढवायचं, म्हणजे पांगलेल्या लोकांना कुठूनही बघता येईल. तिने मला फोन केला तेव्हा मी नेहमीप्रमाणे आधी बेडरूमचं दार लावून घेतलं.

ती म्हणाली, ठाण्याचा इतिहास म्हटला की तळी, किल्ला आणि टेंभी नाक्याची देवी. आपली चाळ त्यात कुठेच नाही. पेपरात आली ती पाण्याच्या भांडणापुरती. चाळ पडल्यावर आमच्या पोरांना सांगितलं, की इथे आपलं असं जग होतं, तर ती म्हणतील, दाखवा. मग तिने फोटोंचं सांगितलं. शेकडो फोटो जमले होते. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी पेनाने नावं लिहून ठेवलेली, डावीकडून उजवीकडे, सगळ्या पुरुषांची. बायका दोन रांगा भरून बसलेल्या असल्या तरी त्यांच्या जागी दोनच शब्द: ‘महिला मंडळ’. आता त्यातल्या निम्म्या चेहऱ्यांना ओळखणारं कुणी उरलेलं नाही. बायकांची नावं सापडतात ती फक्त गाण्यांच्या शेवटी, आणि ती गाणी पूर्ण येणारी आजी आता एकच आहे. ती तुमच्याकडे आहे, आत्या.

मी तिला आठवडाभर टाळलं. कधी तब्येत बरी नाही म्हटलं, कधी पाहुणे आहेत म्हटलं. ती चिवट होती. शेवटी ये म्हणाले, पण दुपारी ये, आणि वॉचमनने विचारलं तर भाची आहे म्हणून सांग. ती हसली, म्हणाली, भाचीच आहे की.

आली तेव्हा तिच्या पिशवीवर निळं अशोकचक्र होतं. मी ती पिशवी तिच्या हातातून घेतली आणि उलटी करून ठेवली. तिने ते पाहिलं. बेडरूममध्ये आईला पलंगावर बसवलं. खिडक्या मी आधीच लावलेल्या होत्या, पंख्याचा आवाज येतो म्हणून तिने पंखा बंद केला. एप्रिलचा उकाडा. तिघींच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या. रेकॉर्डर उशीवर ठेवला. आईला वाटलं जयंती आली. तिने केस सारखे केले, पदर घेतला आणि सुरू झाली:

‘जात्याच्या कडेला ठेविली मी पाटी,
बाबानं दिलं अक्षर लेकीच्या गं ओठी...’

मी तिचं गाणं ऐकत नव्हते. मी दाराबाहेरचं ऐकत होते. लिफ्ट थांबली की माझा श्वास थांबायचा. शेवटची ओळ झाली, तिने गाव सांगितलं, चाळ सांगितली, नाव सांगितलं, आणि त्याच वेळी दारावरची बेल वाजली.

समोरच्या काकू होत्या, हातात साबुदाण्याच्या खिचडीचा वाडगा. आमच्या दोन दारांमध्ये अशी वाडग्यांची ये-जा कायम असते. काकू चांगल्या बाई आहेत, हे मला मुद्दाम लिहायला पाहिजे. मला टायफॉईड झाला होता तेव्हा त्यांनी माझं डोकं मांडीवर घेऊन मला पेज भरवली आहे. मला भीती वाटते ती वाईट माणसांची नाही. वाईट माणसाने तोंड फिरवलं तर माझं काय जातं? काकूंनी फिरवलं तर काय, याच विचाराने माझी झोप उडायची. मी दार अर्धंच उघडलं, तर मागून आई बाहेर आलेली. काकूंना बघून तिने दोन्ही हात जोडले आणि मोकळ्या आवाजात म्हणाली, ‘जय भीम, बाई.’

माझी पाचावर धारण बसली. मी हसले. म्हटलं, काकू, टीव्हीवर काय काय बघते आणि दिवसभर तेच बोलत बसते, कालपर्यंत राम राम म्हणत होती. काकू माझ्याकडे बघत राहिल्या, मग आईकडे, मग आतल्या पलंगावरच्या पोरीकडे. ‘गात होत्या वाटतं आजी,’ म्हणाल्या. ‘छान आवाज आहे.’ वाडगा देऊन गेल्या. मला त्यांच्या आवाजात काहीच सापडलं नाही, आणि काही सापडलं नाही म्हणून मी जास्तच घाबरले.

आत येऊन मी त्या मुलीला सांगितलं की गाणं घे, पण नाव घेऊ नकोस. आईचा फोटो नको, डोंबिवली नको, आणि शेवटची ओळ कापून टाक.

तिने रेकॉर्डरची वायर गुंडाळली. मग म्हणाली, ‘आत्या, फोटोत तर कुणी त्यांची नावं लिहिलीच नाहीत. इथे आजीने स्वतः लिहून ठेवलंय. ते मी पुसू?’

‘मला इथे राहायचंय गं,’ मी म्हटलं.

तिने रेकॉर्डर पिशवीत टाकला. तिला राग आला होता हे मला कळलं, आणि मलाही तिचा राग आला होता. तुमचं काय जातं, असं म्हणावंसं वाटत होतं. तुम्ही शिकलेली पोरं, निळ्या पिशव्या घेऊन हिंडता. तुमच्या वयाला आम्ही भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनावाच्या पुढे काही सांगत नव्हतो. पण ते भांडण मी मनातच केलं. चार दिवसांनी तिने मला फोनवर गाणं पाठवलं, शेवटची ओळ नसलेलं. खाली लिहिलं होतं, ‘गायिका: अज्ञात’. मी ते वाचलं आणि मला हायसं वाटलं. खरंच वाटलं.

त्यातून मला एक युक्ती सुचली. सकाळी आई गॅलरीत बसली की मी तिच्या कानांना हेडफोन लावायचे आणि ते गाणं सुरू करून द्यायचे. संपलं की परत आपोआप सुरू होईल असं लावून ठेवायचे. आई शांत बसायची. मान डोलवायची, ओठ हलवायची, पण आवाज बाहेर येत नव्हता. कितीतरी महिन्यांनी मी खिडक्या उघड्या ठेवून पोळ्या केल्या. नवरा म्हणाला, बघ, सुटला की नाही प्रश्न! ते गाणं आईने किती वेळा ऐकलं असेल, मला सांगता येणार नाही. सगळा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा ती ऐकत होती.

एका दुपारी हेडफोन काढल्यावर ती स्वतःशी गुणगुणली. शेवटापर्यंत आली आणि थांबली. मी वाट पाहिली, पुढे काही आलं नाही. ती खिडकीबाहेर बघत बसली. त्या वेळी मला जे वाटलं ते सांगायची लाज वाटते, पण भीती माणसाला काय करते ते कळायला हवं: मला बरं वाटलं. नाव गेलं तर धोकाही गेला.

गौरी-गणपतीच्या सुमाराला आई बाथरूममध्ये घसरली. डोक्याला खोक पडली, रक्त आलं. नवरा कंपनीत. मी ओरडले तशा समोरून काकूच धावत आल्या. त्यांनीच टॉवेल दाबून धरला, त्यांनीच रिक्षा थांबवली. जवळच्या दवाखान्यात टाके घातले आणि डोक्याचं स्कॅन करायला कल्याणच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. काकू तिथेही आल्या. मी म्हटलं, तुम्ही जा, घरी नैवेद्याचा स्वयंपाक राहिला असेल. त्या म्हणाल्या, ‘देव थांबतो. गप्प बस.’

वॉर्डात एक तरुण डॉक्टरीण आली. डोक्याला मार आहे, शुद्धीवर किती आहेत ते बघायचंय, म्हणाली. आईच्या पलंगाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला काकू, आजूबाजूला चार-सहा पेशंट आणि त्यांचे नातेवाईक.

‘आजी, नाव काय तुमचं?’

आईने डोळे मिटले आणि तिच्या त्या वाटेने निघाली. पुटपुटत, मग जरा मोठ्याने. जात्याच्या कडेला ठेविली मी पाटी. शेजारच्या पलंगावरचा माणूस वळून बघायला लागला. बाबा आले, अक्षर आलं, सगळं एकापाठोपाठ एक आलं. मी काकूंकडे बघायचं टाळून सलाईनच्या बाटलीकडे बघत होते. आई शेवटाला पोचली आणि जिथे ते फोनमधलं गाणं संपायचं तिथे, बरोबर तिथे थांबली.

डॉक्टरीण म्हणाली, छान, आता नाव सांगा. आईने परत सुरुवात केली. परत तिथेच थांबली. तिसऱ्यांदा तिने हाताने चादर चाचपायला सुरुवात केली, जणू काही खाली पडलंय. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

माझी आई कशाला घाबरली आहे असं मी कधी पाहिलं नव्हतं. चाळीवर दगड आले होते त्या संध्याकाळी ती दारात पोळपाट घेऊन उभी होती. माझे वडील गेले तेव्हा ती रडली, पण घाबरली नव्हती. त्या दिवशी कल्याणच्या त्या वॉर्डात ती घाबरली. माझं मनगट धरून म्हणाली, ‘बाय, म्होरं काय गं? म्होरं हाय काहीतरी. माझं हाय ते.’

मी तिला तिचं नाव सांगितलं. नुसतं नाव, हळूच, कानाशी. तिने मान हलवली. ‘ती कोण?’ म्हणाली. डॉक्टरीण म्हणाली, राहू द्या मॅडम, आधारकार्डावरून लिहून घेते. ती कागदावर वळली. तिचं काम झालं होतं. सगळं तिथेच संपवता आलं असतं. आई माझं मनगट सोडत नव्हती.

मला ती ओळ येत होती. नळापाशी सतरंजीवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेली ओळ, कशी विसरेन? पण ती नुसती बोलून उपयोग नव्हता, चालीवर यायला हवी होती, आणि तिच्यात आईचं माहेरचं गाव होतं, कोपरीची चाळ होती, ‘बाबाची लेक’ होतं आणि मग नाव. एवढं सगळं मोठ्याने, काकूंसमोर. मला दुसऱ्या मजल्यावरची ती बाई आठवली, टेम्पो आठवला. मला वाटलं, एवढ्यासाठी सगळं घालवायचं? आणि मग आई दुसऱ्या हाताने परत चादर चाचपायला लागली.

मी गायले. गाता येत नाही मला, आणि भीतीने आवाज चिरकत होता. आधीची ओळ धरली, तिच्यावरून पुढे गेले, गाव म्हटलं, चाळ म्हटली, बाबाची लेक म्हटलं, आणि तिचं नाव म्हटलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने नाव एकदा माझ्या मागून म्हटलं, आणि तिची पकड सैल झाली. इथे मी ते नाव लिहीत नाहीये, हे कुणाच्या लक्षात आलं असेल. वॉर्डात एकदा गायले म्हणून भीती संपत नाही.

काकू उठल्या, म्हणाल्या, मी चहा बघते खाली. चहा घेऊन आल्या. परतीच्या रिक्षात आम्ही गणपतीच्या ट्रॅफिकबद्दल बोललो. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईसाठी खीर पाठवली. वाडगा त्यांनी संध्याकाळी परत मागून नेला. एरवी आमचे वाडगे एकमेकींकडे आठ-आठ दिवस पडून असतात. त्याचा काही अर्थ आहे की त्यांना खरंच वाडगा हवा होता? मी अजून विचार करते. संक्रांत पुढे आहे, तेव्हा कळेल. त्या विचाराने मला आजही पहाटे जाग येते.

आई घरी आल्यावर मी त्या मुलीला फोन केला. कापलेली ओळ फेकून दिली असेल, याची मला इतकी भीती वाटत होती की आधी इकडचं तिकडचंच बोलत बसले. शेवटी विचारलं. ती म्हणाली, मूळ गाणं मी कधीच कापलं नाही आत्या, तुम्हाला पाठवलं ती वेगळी कॉपी होती. संग्रहात काय लावायचं तेवढं तुम्ही सांगा. मी म्हटलं, पूर्ण लाव. नाव घाल, गाव घाल, चाळ घाल. डोंबिवली घालू नकोस. ती हसली नाही. ‘बरं’ म्हणाली, आणि मग तिने आईच्या नावाची अक्षरं मला एकेक करून विचारून घेतली.

तिने पाठवलेलं पूर्ण गाणं मी आईला ऐकवलं. हेडफोन लावला नाही. मला खात्री होती की चार दिवस ऐकलं की वाट परत सापडेल. कापलेलं शिकली तशी पूर्ण शिकेल. तसं झालं नाही. विसरायला तिला एक उन्हाळा लागला, परत मिळवायला आता तिच्याकडे काही उरलेलं नाही. गाताना ती अजून तिथेच थांबते. कोपरीच्या शेडमध्ये कुणीही जाऊन आता तिचं नाव ऐकू शकतं. एक तिलाच ते येत नाही.

परवा दुपारी गाणं संपेपर्यंत ती लक्ष देऊन बसली होती. गाव आलं, चाळ आली, नाव आलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘चांगली गाते. जिवंत हाय का ही?’

आहे, म्हटलं.

‘मग बोलव की तिला एकदा,’ आई म्हणाली.

बोलवते, म्हटलं.